वजन कमी पडून राहिलं

एकोणनव्वद किलोच्या बाईला जन्मभर बरंच काही ऐकावं लागतं. एसटीत चढले की कंडक्टर मागच्या लांब सीटकडे बोट दाखवतो. लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा भात घेतला की समोरच्या ओळीतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात. पण "मॅडम, तुमचं वजन कमी पडून राहिलं," हे मी वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही नागपूरला, वजन कमी करायच्या ऑपरेशनची चौकशी करायला गेले तेव्हा. विम्याच्या खिडकीमागचा पोरगा बोलण्यावरून काटोलकडचा वाटत होता. त्याला माझी टिंगल करायची नव्हती. त्याच्या कॉम्प्युटरवर एक रकाना होता, त्यात ३८.५ हा आकडा आला होता, आणि विम्याला तिथं ४० पाहिजे होते.

मी शिलाईकाम करते. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, रस्त्याला लागून घर, घराच्या पुढच्या खोलीत मशीन. ब्लाऊज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश, दिवाळीत पोरींचे फ्रॉक. वीस-बावीस वर्षं बायकांच्या अंगाला टेप लावते आहे, त्यामुळे कोणाचं अंग कुठं सुटलं आणि कुठं उतरलं हे मला त्यांच्या नवऱ्याआधी कळतं. माझं स्वतःचं अंग सुटलं ते पिशवीचं ऑपरेशन झाल्यानंतर. मशीनवर बसून काम, बाजूला चहा, रात्री उशिरा जेवण. मग साखर निघाली, गुडघे बोलायला लागले, आणि झोपेत मी इतकी घोरते की यांनी खाट अंगणात टाकली. पावसाळ्यात परत आत यावं लागतं, तेव्हा त्यांची झोप होत नाही आणि सकाळी फवारणीला जाताना ते माझ्याशी बोलत नाहीत.

माझा पोरगा पुण्याला कंपनीत आहे. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात आई-वडिलांचीही नावं आहेत. त्यानंच फोनवर ऑपरेशनचं काढलं. पोटाचा मोठा भाग कापून काढतात, तीन चतुर्थांशाहून जास्त, उरते ती केळ्यासारखी एक नळी. "स्लीव्ह" म्हणतात त्याला. खर्च विचारला तर अडीच-तीन लाखांच्या पुढंच. तो म्हणाला, "आई, पैसे आपले लागत नाहीत, विम्यात बसते." मी म्हटलं, जाऊन तर पाहू.

विम्यात बसतं, पण कसं बसतं हे नंतर कळलं. २०१९ साली विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, आरोग्य विम्यातून काय काय वगळता येईल याची एकसारखी भाषा ठरवून दिली. त्यात लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचं एक कलम आहे. वय अठरा किंवा जास्त पाहिजे. डॉक्टरनं सल्ला दिलेला पाहिजे आणि शस्त्रक्रिया वैद्यकीय पद्धतीला धरून पाहिजे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा तो खिडकीवरचा आकडा, ४० किंवा जास्त पाहिजे. तो नसेल तर ३५ चालतो, पण सोबत चारपैकी एक गंभीर दुखणं हवं: लठ्ठपणामुळे दुबळा झालेला हृदयाचा स्नायू, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र विकार, किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. आणि या ३५ च्या वाटेला शस्त्रक्रियेपेक्षा सौम्य उपाय करून ते फसलेलेही असले पाहिजेत. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर खर्च वगळता येतो.

बीएमआय काढायला शाळेतलं गणित पुरतं. किलोतलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. ही मांडणी एकोणिसाव्या शतकातल्या केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाची. त्याला लठ्ठ माणसं शोधायची नव्हती, तो सरासरी माणूस कसा असतो ते शोधत होता. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं. शिंपीण म्हणून मला या आकड्याची गंमत वाटते. त्यात कंबर कुठंच येत नाही. सत्तर किलोच्या दोन बाया माझ्याकडे येतात, एकीचं सगळं अंग मांड्यांवर असतं, दुसरीचं पोटावर, आणि साखर बहुतेक दुसरीला असते. आपल्याकडचे डॉक्टर भारतीय बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी म्हणतात, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. माझी शेहेचाळीस आहे. ते विम्याच्या कोणत्याही रकान्यात नाही.

पहिल्या दिवशी माझी उंची १५२ लिहिली होती. भिंतीला पट्टी, वरून खाली सरकणारी एक फळी, आणि फळी आणणारी नर्स घाईत. ती फळी माझ्या अंबाड्यावर टेकली. मी घरून निघतानाच अंबाडा घट्ट बांधते, एसटीच्या वाऱ्यात केस सुटू नयेत म्हणून, आणि अंबाडा डोक्यावर जरा वरच बसतो. खिडकीवरून परत आले तर तीच नर्स दुसऱ्या बाईची उंची घेत होती. मी मागं उभी राहून पाहिलं. टेप धरायची सवय असली की दुसऱ्याचं माप घेणं पाहताना डोळा आपोआप शून्यावर जातो. तिला म्हटलं, "ताई, माझं परत घ्या बरं. केस सोडते." तिनं घेतलं. दीड सेंटीमीटर कमी भरलं.

दीड सेंटीमीटरनं काय होतं? १५२ उंचीच्या बाईला चाळीसचा आकडा गाठायला ९२.४ किलो लागतात. १५०.५ च्या बाईला ९०.६. म्हणजे अंबाड्यासकट मला साडेतीन किलो कमी पडत होते, अंबाडा सोडून दीडच. खिडकीवरच्या पोराला नवीन कागद दिला. त्यानं रकान्यात भरलं, ३९.३ आलं. तो हळहळला. म्हणाला, "आता अगदी काठावर आलं, मॅडम." इतक्या आपुलकीनं मला कोणी जाड हो म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या हिशेबात माझी शस्त्रक्रिया आजच व्हायला हवी. भारतीय डॉक्टरांनी मिळून ठरवलेली रेषा विम्याच्या रेषेपेक्षा खाली आहे: सोबत काही आजार असेल तर ३२.५, नसेल तर ३७.५. कारण आपल्या लोकांच्या शरीरात तेवढ्याच वजनाला चरबी जास्त आणि पोटाभोवती जास्त, साखरही लवकर निघते. मला साखर आहे, म्हणजे त्या रेषेनं मी चौऱ्याहत्तर किलोची झाले असते तरी पात्र होते. डॉक्टर म्हणाले, ४० आणि ३५ हे आकडे अमेरिकेत १९९१ साली तज्ज्ञांच्या एका बैठकीत ठरले. तेव्हा पोट मोठं उघडून ऑपरेशन करायचे, आताची दुर्बिणीची पद्धत नव्हती, धोका जास्त होता, म्हणून रेघ वर मारली. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या अमेरिकन आणि जागतिक संघटनांनीच ती रेघ खाली आणली. आता ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार असो-नसो, आणि आशियाई माणसाला २७.५ च्या वर शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा असं त्या म्हणतात. हे सांगताना त्यांनी माझ्याच फाईलच्या मागं पेन्सिलनं चार आडव्या रेघा मारल्या आणि प्रत्येकीपुढे आकडा लिहिला. मी दोन रेघांच्या मधे कुठंतरी होते. डॉक्टरच्या रेघेच्या वर, विम्याच्या रेघेच्या खाली.

"मग आता?" मी विचारलं.

"पैसे भरून करायचं असेल तर पुढच्या आठवड्यात करू. विम्यातून करायचं असेल तर..." एवढं बोलून ते थांबले. जाडी वाढवून या असं कोणताही भला डॉक्टर तोंडानं म्हणणार नाही.

डॉक्टर जे म्हणाले नाहीत ते बाहेर बाकावर बसलेल्या बाईनं सांगितलं. ती अमरावतीकडची, माझ्याहून तरुण, अंगानं माझ्याहून भारी. तिचं काम झालं होतं, मंजुरी आली होती. पहिल्या खेपेला तिचंही थोडक्यात राहिलं होतं. मग महिनाभर दोन वेळा भात, रात्री दूध-केळं, आणि वजनाच्या दिवशी काट्यावर चढायच्या आधी संडासच्या बाजूच्या नळावर पोटभर पाणी. "लाजायचं काई काम नाही बाई," ती म्हणाली. "उतरवायलेच तं आलो आपण." आमच्याकडे कापसावर पाणी मारून वजन वाढवायचे किस्से जुने आहेत. म्हणून सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर गाडी लागली की आधी ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसतात, आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, बाराच्या वर गेला की माल परत. ही बाई बोलत होती आणि मला ते यंत्र दिसत होतं. शेतकरी पाणी मारतो ते चार पैसे जास्त यावेत म्हणून. ही पाणी प्यायली ती हलकं व्हायला मिळावं म्हणून. तिला मी मनातसुद्धा नावं ठेवली नाहीत.

तसं पाहिलं तर मला दुसरीही वाट होती, ३५ ची. साखर आहेच. पण कलमात साखर "आटोक्यात नसलेली" लागते, आणि माझी तीन महिन्यांची सरासरी, ते एचबीएवनसी म्हणतात ती, ६.९ निघाली, म्हणजे आटोक्यात. गोळ्या मी नेमानं घेते. सकाळची एक चहानंतर, रात्रीची जेवणाबरोबर, मशीनच्या खणात दोऱ्याच्या रिळांशेजारी डबी ठेवलेली असते, चुकतच नाही. पोरगा फोनवर म्हणाला, "आई, गोळ्या काही दिवस बंद केल्या तर?" मग स्वतःच म्हणाला, "नको, जाऊ दे." गावात अशा बाया आहेत ज्यांची साखर तीनशेच्या घरात असते, गोळी आठवली तर घेतात, नाही तर नाही. त्यांच्याकडे विमा असता तर त्या माझ्याआधी पात्र झाल्या असत्या. औषध वेळेवर घेणारीला मागं ठेवणारा हा नियम मला कितीही समजावला तरी पटत नाही.

झोपेची तपासणीही झाली. रात्रभर छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला चिमटा, आणि एक डबा उशाशी. तासाला ३० किंवा त्याहून जास्त वेळा श्वास अडखळला तर त्याला तीव्र म्हणतात. माझा २२ वेळा. "मध्यम," असं कागदावर आलं. यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मध्यम? मंग तीव्रवाले घरात झोपतात तरी कसे?"

हे सगळं सांगितल्यावर विम्याच्या बाजूनंही दोन शब्द बोलायला हवेत, नाही तर मी एकतर्फी लिहिते असं होईल. हे ऑपरेशन म्हणजे चरबी काढायचं सौंदर्याचं काम नाही. पोट कापलं की परत जोडता येत नाही. त्यानंतर जन्मभर बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या, वर्षाला रक्ततपासणी. खाणं वाटीभर. कुठंतरी रेघ मारावीच लागणार, नाही तर लग्नाआधी चार किलो उतरवायला रांग लागेल. रेघ असण्याबद्दल माझी तक्रार नाही. कोणाच्या अंगावरून मारली आणि किती वर्षांपूर्वी, एवढंच मी विचारते. माझ्या माहेरी, सेवाग्रामच्या बाजूला, कस्तुरबा रुग्णालयाची गावांसाठी आरोग्य विम्याची योजना होती, तिचा हप्ता ज्वारीत घेत. हंगाम झाला की घरटी मापानं ज्वारी द्यायची. बाबा सांगत, मोजणारे गावातलेच असत. ज्यांच्या घरी जे पिकतं त्याच मापानं तो विमा मोजला जायचा.

आता ती ज्वारीही राहिली नाही. शेतात सोयाबीन आलं, ज्वारी गेली. भाकरीच्या जागी रेशनचा तांदूळ आणि गव्हाच्या पोळ्या, आणि भाजीवर सोयाबीनच्या तेलाचा बोटभर तवंग, कारण तर्री नसली तर ती भाजीच नाही. माझ्या आजीला भाकर थापायला जेवढी मेहनत पडायची तेवढी मला सगळा स्वयंपाक करून पडत नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, भाकर थापायचा मलाही कंटाळाच आहे. पण गावातली बाई जाड कशी झाली असं शहरातला कोणी विचारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे अजून विहिरीवरून तीन घागरी आणणारी बाई असते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायकांचा बीएमआय २५ किंवा त्याच्या वर होता, आणि जवळपास १९ टक्के बायकांचा १८.५ च्या खाली. आमच्या गल्लीत दोन्ही राहतात. शेजारची अंगणवाडीची ताई पोरांचं वजन घेऊन तक्त्यात टिंबं भरते, पोरगं खालच्या रेघेच्या वर आलं की तिला बरं वाटतं. तिला मी माझा किस्सा सांगितला तर ती हसून हसून खाली बसली. "तुम्हालेबी आमच्या रजिस्टरात घेऊ का, वजन वाढवाले?"

चाळीसचा आकडा डोळ्यांसमोर तरी होता. त्याहून अवघड निघाली ती शेवटची अट, सौम्य उपाय करून फसल्याची. विम्याकडून चौकशीचं पत्र आलं त्यात मागितलं होतं: यापूर्वी केलेल्या वजन कमी करण्याच्या प्रयत्नांचे पुरावे, आहारतज्ज्ञाच्या नोंदी, तारखांसह वजनं.

आता मी काय पुरावा देऊ? सकाळी चालायला जात होते. आमच्या गावात बाई कामाशिवाय रस्त्यानं चालत नाही. हात हलवत चालली की प्रत्येक ओट्यावरून आवाज येतो, "काऊन वं, कोनाकडे निंघाली?" दवाखान्यात, बँकेत, दळण आणायला, मरणाला, असं काहीतरी उत्तर लागतं. वजन कमी करायला चालते असं सांगितलं की पुढचे आठ दिवस तोच विषय. म्हणून मी शिवलेल्या ब्लाऊजची पिशवी हातात घेऊन निघायचे, जणू कोणाला पोचवायला चालले. त्याच पिशवीत तेच दोन ब्लाऊज, मारुतीच्या देवळापर्यंत आणि परत. पुढे ते ब्लाऊज मळले आणि मला धुवावे लागले. हे कोणत्या नोंदीत असणार?

दिवसातून दोनदाच जेवायचा प्रयोग केला, तेव्हा तो गावोगावी पोचला होता, सगळे करत होते. उतरलं थोडं. मग भाचीच्या लग्नाची शिलाई आली, रात्रीची जागरणं आली, वजन होतं तिथं आलं आणि वर दोन किलो घेऊन आलं. तालुक्याच्या डॉक्टरनं "तेल कमी, गोड बंद, फिरणे" असं साखरेच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिलं होतं, ती चिठ्ठी औषधाच्या दुकानात राहिली. कोणी मेथीचं पाणी सांगितलं, ते केलं. जिरं केलं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरले, आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली, जी जेवणाहून जड. आता इंजेक्शनं निघाली आहेत म्हणतात, पण त्यांचा महिन्याचा खर्च ऐकला आणि विषय सोडला. खरं सांगायचं तर फसण्यात मी कधी कमी पडले नाही. फसल्याच्या पावत्या तेवढ्या माझ्याकडे नाहीत. शहरातल्या बाईकडे जिमची पावती असते, आहारतज्ज्ञाचा छापील तक्ता असतो, मोबाईलमध्ये पावलं मोजलेली असतात. गावच्या बाईनं केलेले कष्ट कागदावर कुठंच नसतात, मग ते वजन घटवायचे का असेनात.

म्हणून नोंद सुरू केली. नागपूरच्या त्याच दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाई दर महिन्याला तपासून सही-शिक्का देतील असं ठरलं. मी ब्लाऊजच्या मापाच्या वहीतली मागची पानं घेतली. डाव्या बाजूला तारीख, मग वजन, मग सकाळी-दुपारी-रात्री काय खाल्लं, किती चालले. वजन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या काट्यावर, तिथल्या सिस्टरच्या सहीनं. ओट्यावरून कोणी विचारलं की आता ठोक उत्तर होतं, "विम्याचं काम हाय." त्यावर कोणी पुढं विचारत नाही, विम्याला आमच्याकडे फार मान आहे. पिशवी घरी ठेवून चालायला लागले.

आणि झालं काय, वजन उतरायला लागलं. लिहायचं आहे म्हटलं की हात पोह्यांच्या दुसऱ्या बशीकडे जात नाही. काही महिन्यांत मी साडेपंच्याऐंशीवर आले. आहारतज्ज्ञ बाई खूष. वहीत त्यांनी लाल पेनानं "उत्तम" लिहिलं. ती वही घेऊन मी विम्याच्या खिडकीवर गेले तर पोरानं आकडे भरले आणि डोक्याला हात लावला. बीएमआय ३७.७. फसल्याचा पुरावा आणायला सांगितला होता, मी यशाचा घेऊन गेले.

डॉक्टर म्हणाले, एवढं उतरलं ते चांगलं झालं, पण यानं ऑपरेशनची गरज संपत नाही. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं, बहुतेकांचं परत येतं. ऑपरेशननं भुकेची संप्रेरकंच बदलतात, म्हणून ते टिकतं. शिवाय ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसतं पातळ खाऊन ते अजून उतरवायला लावतात, यकृत आकसावं आणि दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून. मी विचारलं, मग विमा कोणत्या दिवसाचं वजन धरतो? त्यांनी पहिल्या तपासणीचं धरावं असं पत्रात लिहिलं. भारतीय रेषेचा आणि २०२२ च्या बदलाचाही उल्लेख केला. अंबाड्याचं मात्र लिहिलं नाही, ते मी माझ्या अर्जात लिहिलं. पोरगा म्हणाला, आई, हे काढ, लोक हसतील. मी म्हटलं, हसू दे, पहिल्या तपासणीचं धरायचं तर उंचीही नीट धरा.

उत्तर आलं, छापील. अटी पूर्ण होत नाहीत.

या भानगडीत गावातल्या बायकांना एक नवीनच नाद लागला. ब्लाऊजचं माप द्यायला आली की म्हणते, "माहंबी काढून पाह्य बरं, कितीचं बसते." मी आरोग्य केंद्राच्या काट्यावरचं वजन विचारते, टेपनं उंची घेते, अंबाडा सोडायला लावते, आणि मोबाईलवर भागाकार करते. परवा गल्लीतल्या एकीचं ४१ आलं. चाळिशीचीही नाही, साखर, बीपी, गुडघ्यांनी जिना चढत नाही. विम्याच्या पोराला आनंद झाला असता. तिनं विचारलं, "मंग माहं होते का फुकटात?" तिच्याकडे मेडिक्लेम नाही, घरात कोणाकडेच नाही. मी तिला तेवढं सांगितलं आणि तालुक्याला साखर तपासायला जाताना चिठ्ठ्या जपून ठेवत जा म्हटलं. ती म्हणाली, "ठेवून काय करू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण तरी ठेव म्हटलं.

आता कागद विमा लोकपालाकडे जायचे आहेत, आमच्या भागासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करायचा, एक महिना वाट पाहायची, मग तिकडे. पोरगा सगळं ऑनलाइन भरतो आहे. रात्री जेवणं झाली की फोन करतो आणि एकेक कागदाचा फोटो मागतो. यात मध्येच एकदा बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की दुसऱ्या कंपनीतून बोलावणं आलं आहे, पगार बराच जास्त, काम त्याच्या आवडीचं. मग म्हणाला, पण मी अजून हो म्हटलं नाही. मी कारण विचारलं तर इकडचं तिकडचं सांगत राहिला. यांनी फोन हातात घेतला तेव्हा खरं बाहेर आलं. त्या कंपनीच्या विम्यात आई-वडील नाहीत. ही नोकरी सोडली की ही पॉलिसी गेली. स्वतःची नवीन काढायची तर आधीपासूनच्या आजारांसाठी विमा ३६ महिन्यांपर्यंत थांबवू शकतो, तीही २०२४ पासूनची सवलत, आधी ४८ होते.

म्हणजे माझ्या दीड किलोपायी पोरगा नोकरीला चिकटून बसला होता आणि मला पत्ता नव्हता.

त्या रात्री यांनी आणि मी हिशेब मांडला. तूर अजून घरात आहे. कापसाचे पैसे सोसायटीला जाऊन काही उरतात. दिवाळीच्या शिलाईचे माझे आहेत. माझ्या भावानं देतो म्हटलं आहे, ते शेवटी घेऊ. सगळं मिळून पुरत नाही, पण दवाखाना दोन हप्त्यांत घेतो म्हणाला आहे. पेरणीच्या आधी ऑपरेशन झालं तर मी पेरणीत उपयोगाची नाही, दिवाळीनंतर झालं तर शिलाई बुडत नाही. दिवाळीनंतरच धरलं.

सकाळी पोराला फोन लावला.

"आई, घाई नको करू. लोकपालाचं येऊ दे उत्तर. आपली केस चांगली आहे."

"केस चालू दे, मी कुठं मागं घेऊन राहिली? वही भरतेच आहे. तुले त्या कंपनीले उत्तर कवा द्यायचं हाय?"

"सोमवारपर्यंत."

"मंग आजच देऊन टाक," मी म्हटलं, आणि यांनी मागून ओरडून सांगितलं की पगार किती ते नीट विचारून घे.